साडीमागे कोण बसलंय

"लॅपटॉप घुमाइए."

"सर?"

"पूरा कमरा दिखाइए. धीरे धीरे. तीन सौ साठ डिग्री."

मी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि फिरवायला लागले. आधी भिंत. भिंतीवरचा फोटो. मग मांडणी, तिच्यावर उपडी भांडी. मग उघडं दार. दाराबाहेर आमच्या गल्लीतल्या पाच बायका, हातात पाण्याचे पाइप, सगळ्या गप्प. एकीने तोंडावर बोट ठेवलेलं. कॅमेरा आपल्याकडे वळला हे कळल्यावर तिने तेच बोट हलवून टाटा केला.

स्क्रीनवरचा माणूस हसला. "अरे, ये तो पूरा मोहल्ला बैठा है इंटरव्यू में!" मग बाजूला बघून कोणाला तरी म्हणाला, "आ ना इधर, देख." अजून एक तोंड स्क्रीनमध्ये आलं. तेपण हसलं. गेलं.

मी फिरवतच होते. हात थांबले नाहीत माझे.

"रुकिए. वो पर्दे के पीछे कौन है?"

पडदा म्हणजे आईची साडी. फिकट रंगाची, मामाच्या लग्नात आहेर आलेली, एकदाच नेसलेली. ती आम्ही खोलीच्या मधोमध दोरीवर टाकून चिमटे लावले होते, मागचं काही दिसू नये म्हणून. आता मी बाजूने आले तर मागचं सगळं दिसत होतं. मोरीच्या कठड्यावर आई बसली होती. पदराचा बोळा तोंडात.

"ये आपकी मेड है?"

मला वाटतं तीन सेकंद गेले असतील. जास्त नाही.

"यस सर," मी म्हटलं.

"तो उनको बाहर भेजिए ना, प्लीज. प्राइवसी का इश्यू होता है."

मी आईकडे वळले. मला काही बोलावंच लागलं नाही. आईला हिंदी समजतं, मार्केटात दिवसभर तेच असतं. ती उठली. पदर तोंडावरच धरून, भिंतीला चिकटून, कॅमेऱ्यासमोरून जायला नको म्हणून वाकून बाहेर गेली. वाकून. साहेबाच्या टेबलावर चहा ठेवून एखादी बाई मागच्या मागे सरकते ना, तशी. आणि दाराबाहेर गेल्यावर तिचा खोकला फुटला. इतका वेळ धरून ठेवलेला सगळा.

"हां, अब ठीक है. सो टेल मी, व्हाय डू यू वॉन्ट टू टीच?"

मी सांगितलं. हसत सांगितलं. मला मुलं आवडतात, मला गणित आवडतं, वगैरे सगळं. एकदाही अडखळले नाही.

हे मी फोनवर टाइप करतेय, एका दमात. मधे थांबले तर पुढे लिहिणार नाही मी, स्वतःला ओळखते. त्यामुळे मागचं पटकन सांगून घेते.

आम्ही शिरवण्याला राहतो. नवीन टॉवरमध्ये नाही, गावात. आमच्या घरमालकीण काकींची तीन मजली बिल्डिंग आहे, तिच्या मागे सहा खोल्यांची चाळ, तीपण काकींचीच, त्यातली शेवटची खोली आमची. मी आणि आई. बाबा नाहीत. आई वाशीला मसाला मार्केटात सुकी मिरची निवडते. दिवसभर बसून देठ काढायचे, फुटकी मिरची वेगळी करायची. संध्याकाळी ती घरात आली की आधी मला शिंक येते, मग ती दिसते. तिच्या साडीत, केसात, डब्याच्या पिशवीत, सगळीकडे मिरची. आणि आता छातीतपण. डॉक्टरांनी फोटो काढला, बघितला आणि सरळ बोलले, "मावशी, औषध देतो, पण मिरची सोडा. मिरची सोडली नाही तर औषध माझं वाया."

आई मला म्हणाली, "मिरची सोडून खायाचं काय? औषध?"

म्हणून ही नोकरी. आता कळलं ना? एक ऑनलाइन शिकवणारी कंपनी. घरी बसून चौथी ते सातवीच्या मुलांना गणित शिकवायचं. नेरूळच्या कॉलेजातून मी गणितात बी.एस्सी. केलंय, सध्या मोबाइलच्या दुकानात काउंटरवर उभी असते, स्क्रीनगार्ड लावून देते. आणि संध्याकाळी काकींच्या पायरीवर गल्लीतल्या मुलांचं गणित घेते, ते असंच, आवडतं म्हणून. मी चांगलं शिकवते. आज तरी हे मी उगाच लाजून लिहिणार नाही. चांगलं शिकवते.

नोकरी लागली की आई मिरची सोडणार होती. आमचं बोलणं झालं होतं. तिने मुकादमालासुद्धा सांगून ठेवलेलं, "पोरगी मॅडम व्हनारे, मग मी न्हाई यायची." तो म्हणाला होता, "मग पेढे आण आधी."

तर इंटरव्यूचा मेल आला. व्हिडिओ कॉल, दुपारी चार. आमच्या गल्लीत पाणी चारलाच येतं. सकाळचं वेगळं, ते कमी असतं. चारचं पाणी म्हणजे खरं पाणी. पाऊण तास. आणि चारच्या पाण्याला आमच्या गल्लीत जो आवाज असतो तो तुम्ही ऐकलेला नाही. रिकाम्या ड्रमात पाइप सोडला की ढोल वाजतो. हंडे फरशीवर आपटतात. नंबरावरून भांडणं तर रोजचीच.

मी काकींकडे गेले. काकी आगरी, नाकात मोठी नथनी, आवाज असा की पलीकडच्या बिल्डिंगमधला माणूस गाडी बंद करून बघतो. मी म्हटलं, "काकी, एक तासाचं काम होतं. इंटरव्यू आहे. आवाज जातो त्यांना."

काकी म्हणाल्या, "कवा हाय?"

"चारला."

"पान्याच्या टायमाला?"

"हो."

काकींनी दोन मिनिटं सुपारी कातरली. मग म्हणाल्या, "पानी तं थांबाचा नाय. आवाज थांबंल. तू बस गो बिनधास. आमच्या गल्लीन कोन बोलनार नाय."

आणि कोणी बोललं नाही. खरंच! प्रत्येक ड्रमच्या तळाला गोधडीचा तुकडा, पाइप अगदी खालपर्यंत सोडलेला, म्हणजे पाणी पडताना वाजत नाही. हंड्यांखाली गोणपाट. नाव घेऊन हाक मारायची नाही, टाळी वाजवायची नाही. सगळ्यांचे टीव्ही बंद, मिक्सर बंद. दोघी जणी नंबरावरून भांडल्या तर तेपण हातवारे करून भांडल्या, मी उघड्या दारातून बघत होते. दार उघडं, कारण बंद केलं की रेंज जाते आणि अंधार होतो. एकीने दुसरीला हाताने असं काही सांगितलं की तिसरी तोंडात पदर कोंबून हसत खालीच बसली.

याच काकींनी, आम्ही राहायला आलो तेव्हा पहिलं वर्षभर आमचा हंडा सगळ्यात शेवटी लावायला सांगितला होता. सगळ्यांचं झाल्यावर. का, ते कोणी तोंडाने बोललं नाही. आईने विचारलं नाही. मग एका दिवशी नळावर आई मधे घुसली आणि म्हणाली, "माझा नंबर हाय," आणि हंडा खाली ठेवला आणि हलली नाही. काकींनी बघितलं. त्यानंतर नंबराप्रमाणे. हे मी विसरले नाहीये. पण त्या दिवशी काकींनी स्वतः वाकून माझ्यासाठी ड्रमात गोधडी घातली, हेपण विसरणार नाही. दोन्ही लिहून ठेवते.

आणि गंमत म्हणजे त्या शांततेनेच घात केला.

इंटरव्यू सुरू होऊन दहा मिनिटं झाली तेव्हा तो म्हणाला, "आपके यहाँ बहुत सन्नाटा है. आप घर पे ही हैं ना?" मी म्हटलं, हो. मग म्हणाला, "आप बार बार साइड में देख रही हैं." मी बघतच होते. साडीमागून आईच्या घशातून मधेच बारीक आवाज यायचा, खोकला गिळल्याचा. खोकला गिळताना माणसाचा कसा आवाज येतो माहितीये? कुलपात किल्ली अडकल्यासारखा. मला भीती, आता फुटणार, आता फुटणार. म्हणून नजर जायची. इंटरव्यूसाठी सुट्टी घेतलेली आई बाहेर का गेली नाही? कारण आमची दोघींची अक्कल. खोलीतून बाहेर पडायला माझ्या बाजूनेच जावं लागतं, आणि कॉल चारच्या पाच मिनिटं आधीच जोडला गेला. आई अडकली आत.

त्याला वाटलं साडीमागून मला कोणीतरी उत्तरं सांगतंय.

म्हणून, लॅपटॉप घुमाइए.

पुढचं वर लिहिलंच.

आई बाहेर गेल्यावर डेमो झाला. तो चौथीतला मुलगा झाला आणि मी मॅडम. तो बारीक आवाज काढून म्हणाला, "मॅम, चार तो दो से बड़ा है, फिर वन बाय फोर छोटा कैसे?"

हा प्रश्न गल्लीतली सगळी मुलं विचारतात. मी म्हटलं, एक हंडा पाणी आहे. एवढंच आलंय आज. दोन घरांनी वाटून घेतलं तर अर्धा अर्धा. चार घरांनी घेतलं तर? कोणाच्या वाट्याला जास्त आलं? खालचा आकडा म्हणजे किती घरं रांगेत उभी आहेत. घरं वाढली की वाटा कमी.

 तो स्वतःच्या आवाजात म्हणाला, "वाव. इंटरेस्टिंग." मग लगेच, "लेकिन हमारी स्लाइड में पिज़्ज़ा है. आप पिज़्ज़ा ही यूज़ कीजिए. हमारे बच्चे हंडा वगैरह से रिलेट नहीं करेंगे."

मी म्हटलं, "ओके सर." आणि पिझ्झ्याचे आठ तुकडे केले.

कॉल संपला. मी लॅपटॉप बंद केला. तो माझ्या मैत्रिणीचा, सनाचा, तिने दोन दिवसांसाठी दिलेला. चार्जर गुंडाळला. साडीचे चिमटे काढले. साडी घडी केली, नीट, काठ जुळवून. काही वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो, तसं सगळं अंग. बाहेर काकी ओरडल्या, "झाला काय गो?" आणि मी ओरडले, "झाला!" आणि एकदम सगळ्या गल्लीचा आवाज सुरू झाला. टीव्ही, मिक्सर, हंडे, तुंबलेली भांडणं. सगळ्या जणी विचारत होत्या कसा झाला, कसा झाला. मी सांगत होते, भारी झाला, हसले ते, आवडलं त्यांना.

आई हंडा घेऊन आत आली. मोरीत ठेवला. म्हणाली, "चहा ठिवू का?"

मी म्हटलं, "ठेव."

बस. त्यावर आम्ही बोललो नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. ती मार्केटात गेली, मी दुकानात गेले. स्क्रीनगार्ड लावले, एकातही बुडबुडा आला नाही. शेठ म्हणाले, आज हात बसलाय तुझा.

चौथ्या दिवशी मेल. मी पास झाले होते! दुसरा राउंड, मोठ्या मॅडमसोबत. खाली सूचना. एक, मागे कापड चालणार नाही, साधी भिंत हवी. दोन, भिंतीवर धार्मिक किंवा राजकीय फोटो नको. तीन, कॉलच्या वेळी घरकाम करणारी माणसं खोलीत नसावीत.

काकी म्हणाल्या, "वाच, वाच, काय लिवलाय." मी काकींना आणि आईला मराठीत करून सांगितलं. पहिलं सांगितलं. दुसरं सांगितलं. तिसरं गाळलं.

साधी भिंत म्हणजे आमच्याकडे एकच, आणि तिच्यावर फोटो. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. कोणाचा ते सांगायला नको. आईने लग्नात माहेरून आणलेला, तिच्यासोबत तीन घरं फिरलेला. आमच्या घरात सणाला दुसरं काही असो नसो, त्या फोटोला हार असतो. लहानपणी मी त्या फोटोसमोर बसून पाढे म्हणायचे, कारण तिथेच बल्ब होता.

मी आईकडे बघितलं नाही. म्हटलं, "एक तासापुरता."

आईने स्टुलावर चढून तो उतरवला. मी करायला हवं होतं ते. मी मोबाइलमध्ये बघत उभी राहिले. तिने काच पदराने पुसली, फोटो टॉवेलात गुंडाळला. भिंतीवर एक चौकोन राहिला, बाकीच्या भिंतीपेक्षा नवा. त्याच्यापुढे बसायचं होतं मला.

दुसऱ्या इंटरव्यूच्या दिवशी मी सनाचा लॅपटॉप पुन्हा मागून आणला, आईने मार्केटातून अर्धा दिवस घेतला. साडेतीनला केस विंचरले, चप्पल घातली, टॉवेलातला फोटो छातीशी धरला आणि दारात उभी राहिली.

"मी काकींच्या पायरीवं बसते," ती म्हणाली. "इचारलं तर सांग, बाई कामं करून गेली."

मी म्हटलं, "आई."

"काय? मेड म्हंजी बाईच ना? मार्केटात बी बाईच म्हनत्यात. काय येगळं म्हनलीस तू?"

टोमणा मारला नव्हता तिने. तेच तर. टोमणा असता तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. तिने नुसतं विचारलं आणि गेली.

चार वाजले. गल्ली पुन्हा गप्प. ड्रमात गोधड्या. मी चौकोनासमोर बसले.

मॅडम मराठी होत्या. छान हसऱ्या, मागे पुस्तकांचं कपाट, कपाटावर पितळी समई. मला एकदम हायसं वाटलं, खरं सांगते. म्हटलं, आपल्या आहेत.

"अगं, किती गोड शिकवतेस तू! मी रेकॉर्डिंग पाहिलं तुझं. आणि भाषा किती स्वच्छ आहे गं. म्हणजे, अपेक्षा नव्हती."

मी थँक्यू म्हटलं.

"आडनाव ओळखीचं नाही वाटलं मला. मूळचे कुठले तुम्ही?"

मी गाव सांगितलं.

"हो, पण तिथले कोण?"

मी गावाचंच नाव पुन्हा सांगितलं. त्या थांबल्या, मग स्वतःच हसल्या. "असो. आमच्याकडे असलं काही नसतं हं. मी सहज विचारलं."

मग त्यांनी नोकरी सांगितली. व्हिडिओवर शिकवायची नाही. चॅटवरची. मुलं प्रश्न टाइप करणार, मी उत्तर टाइप करणार. चेहरा नाही, आवाज नाही. "तुझं टायपिंग फास्ट आहे, लिहिलंयस तू फॉर्ममध्ये. आणि नाव आम्ही देतो. अनन्या मॅम म्हणून बसशील तू. पालकांना ओळखीचं काहीतरी लागतं गं. त्यांचाही विचार करावा लागतो ना आपल्याला."

आणि मी हो म्हणणार होते. हे मी लपवणार नाही. तोंडात हो आला होता. मिरची, डॉक्टर, आईची छाती, सगळं एका हो वर अडकलं होतं. अनन्या तर अनन्या. काय फरक पडतो. आतून काहीच हललं नाही. घर गेलं, आवाज गेला, तोंड गेलं, फोटो गेला, आता नाव चाललंय, आणि मी नुसती मान हलवतेय, जसं दुसऱ्याचंच सामान नेतायत.

मग त्या म्हणाल्या, "बरं, एक शेवटचं. ती तुमच्याकडची बाई. पहिल्या राउंडला होती ती. रोज कितीला येते? तिची वेळ तेवढी बदलून घे. चॅट असलं तरी पालक कधीकधी अचानक व्हिडिओ मागतात. उगाच तसं कोणी फ्रेममध्ये आलं तर बरं नाही दिसत."

बाहेर आई खोकली. पायरीवरून. लांबून. आणि लगेच गप्प. गिळला तिने.

मी म्हटलं, "ती बाई नाही."

"म्हणजे?"

"ती माझी आई आहे. मी त्या दिवशी खोटं बोलले."

 मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या, "अगं, मग तेव्हाच सांगायचंस की. त्यात लाजायचं काय? तुम्हीच असं लाजलात तर कसं होणार?"

हे बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं. लाजले मीच होते. पण "तुम्हीच". मला तो शब्द ऐकू आला. मी एकटी नव्हते त्या शब्दात. फोटो होता, आई होती, अख्खी मार्केटातली रांग होती.

मी म्हटलं, "मॅडम, एक मिनिट. एन्व्हायर्नमेंट चेक राहिला, खोली फिरवून दाखवायचा."

"नाही गं, आज गरज नाही त्याची."

मी लॅपटॉप उचलला होता. यावेळी सावकाश नाही. आधी भिंतीवरचा चौकोन दाखवला. म्हटलं, "इथे फोटो होता, तुमच्या सूचनेवरून काढलाय." मग दारातून बाहेर. गल्ली. ड्रम, पाइप, गोधड्या. बायका बघायला लागल्या. मी म्हटलं, "ह्या सगळ्या तुमच्यासाठी गप्प आहेत. पाण्याचा आवाज येऊ नये म्हणून ड्रमात गोधडी घातलीये ह्यांनी." मग पायरी. आई. मांडीवर टॉवेल, टॉवेलात फोटो. ती उठायला लागली, पदर तोंडाकडे न्यायला लागली.

मी म्हटलं, "आई, बस. खोक तू."

आणि लॅपटॉपला म्हटलं, "ही माझी आई. मिरची निवडते. आणि तो फोटो. आणि माझं नाव फॉर्ममध्ये आहे. दुसरं नाव मी घेणार नाही. शिकवायला द्या, कॅमेऱ्यावर, माझ्या नावाने. नाहीतर नको."

मॅडमचा चेहरा तसाच हसरा. पण रेंज गेल्यावर चेहरा अडकतो ना, तसा. मग म्हणाल्या, "ओके. वी विल गेट बॅक टू यू." आणि स्क्रीन काळी झाली.

नळावर कोणाला काय करावं कळेना. बोलायचं की अजून गप्प बसायचं. शेवटी काकींनीच विचारलं, एकदम हळू, त्यांच्या त्या आवाजात हळू कसं बोलतात मला माहीत नव्हतं. "झाला काय गो?"

"झाला."

"लागली काय?"

"नाही."

 एकीने ड्रमातली गोधडी ओढून काढली, पिळली. पाणी पुन्हा वाजायला लागलं.

आईने फोटो उघडला, काच तपासली, फुटली नाही ना ते बघितलं. आत जाऊन स्टूल ओढायला लागली. मी म्हटलं, "मी लावते." तिने दिला. मी खिळ्यावर लावला. तिने खालून बघून सांगितलं, उजवीकडं जरा.

मग ती म्हणाली, "नोकरी गेली ना?"

"हो."

"माज्यासाठी सोडली म्हनू नको. माज्यासाठी धरायची व्हती तुला. उद्या मिरची मलाच निवडायचीये."

मी स्टुलावरून उतरले, टॉवेल उचलला.

"आन त्या दिवशीचं," आई म्हणाली. पहिल्यांदा बोलली ती त्यावर. "आधी सांगितलं असतंस ना, आई, तासभर बाई हो, तर मी झाले असते. खुशाल झाले असते. तुज्या नोकरीसाठी मी काय बी झाले असते. पर तू इचारलं न्हाईस गं. त्यानं म्हनलं, आन तू हो म्हनलीस."

मी माफी मागितली नाही. ती मागून तिला परत काय देणार होते? ती चहा ठेवायला गेली आणि मी तिथेच उभी, हातात टॉवेल. रडू आलं नाही. आजपर्यंत आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई तोंडाला फडकं बांधून मार्केटात गेली. मुकादमाने विचारलं असणार, पेढे कुठेत. तिने मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

कंपनीचा मेल आला दोन दिवसांनी. चॅटवरची जागा अजून आहे, विचार करा, नाव आणि बाकीच्या अटी त्याच. मी एका ओळीत उत्तर दिलं. नाही. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.

काहीजण म्हणाले, मूर्ख आहेस, आधी घ्यायची, मग भांडायचं. सना म्हणाली, लॅपटॉप तुझ्याकडेच ठेव, मला सध्या नकोय. मी ठेवलाय. अजून चार ठिकाणी अर्ज टाकलेत. रोज टाकते. आईची मिरची सुटली पाहिजे, ते काम अजून माझ्यावरच आहे, ते कुठे गेलेलं नाही. तिचा खोकला मी रोज ऐकते आणि रोज मोजते की मी नाही म्हटल्यापासून ती किती दिवस मार्केटात गेली. तो हिशोब माझा आहे. तो मी मॅडमवर ढकलणार नाही.

पण "यस सर" आता निघणार नाही. ह्या तोंडातून नाही.

पुढच्या इंटरव्यूला मागे साडी नसेल. ड्रमात गोधडी नसेल, पाणी पडू दे धडाधडा. कोणी घुमाइए म्हणायच्या आधी लॅपटॉप मीच फिरवीन. सुरुवात फोटोपासून. मग दार, मग गल्ली. आणि आईपाशी थांबवीन. आधी तिला विचारून.